स्वतःच्या खिशातून पहिली स्टेज रॅली: या चुका टाळा

नाशिकच्या ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ने आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना नादाला लावलं. बांधावर उभं राहून वर्षानुवर्षं धुरळा खाल्लेला माणूस एक दिवस ठरवतो की आता आपणही आत बसायचं, म्हणजे स्टेज रॅलीत उतरायचं: वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्याच्या तुकड्यांवर, म्हणजे स्टेजवर, घड्याळाशी शर्यत. जुनी जिप्सी किंवा पोलो बघितली जाते, घरी तिची अर्धीच किंमत सांगितली जाते, आणि मग महिनाभर एकच चर्चा चालते: गाडी पळेल किती?

पळेल हो. पण पाठीशी ना कंपनी, ना प्रायोजक, असा स्पर्धक वेगात कमी पडून बाहेर जाताना मी फार थोड्या वेळा पाहिलाय. तो अडकतो स्क्रूटिनीच्या (गाडी आणि सामानाच्या तपासणीच्या) रांगेत, टाइम कंट्रोलच्या (वेळ नोंदवायच्या ठिकाणाच्या) टेबलापाशी, नाहीतर सर्व्हिसमध्ये (दुरुस्तीच्या थांब्यावर) पान्याचा डबा शोधताना. आम्हीही तिथेच अडकलो होतो.

पैसे आधी इंजिनात घालणं

आमची पहिली गाडी घेतली तेव्हा कॅम, एक्झॉस्ट, फिल्टर यांवरच जीव टाकला. गाडी आवाज छान करायची. मग कळलं की शॉकअब साधेच राहिलेत आणि टायरला पैसे उरले नाहीत. मुरमाच्या रस्त्यावर वाढीव ताकद नुसती चाकं फिरवते.

खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी रोल केज (गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणारा लोखंडी सांगाडा), सीट, हार्नेस (सीटचे पट्टे), हेल्मेट, सूट. मग संप गार्ड (इंजिनाच्या तळाला, म्हणजे संपला, वाचवणारी प्लेट), सस्पेन्शन, ब्रेक. मग टायर आणि जास्तीच्या रिम. इंजिन सगळ्यात शेवटी, आणि तेही तुमच्या क्लासचे नियम वाचून. एखादा बदल गाडीला वरच्या क्लासमध्ये ढकलतो आणि मग समोर अशी माणसं येतात की ज्यांच्या टायरच्या बिलात तुमची अख्खी गाडी बसेल. सर्किटवाल्यांचं बघून गाडी खाली बसवू नका, स्प्रिंगही दगडासारख्या करू नका. कच्च्या रस्त्यावर चाकाला वर-खाली व्हायला जागा लागते. ती नसली की चाक हवेत राहतं आणि संप खडकावर.

हिशेब एका रॅलीचा मांडा: प्रवेश शुल्क, ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटर (शेजारी बसून रस्ता आणि वेळ सांगणारा) दोघांची एफएमएससीआयची (देशातल्या मोटारस्पोर्ट संघटनेची) लायसन्सं, ट्रेलर, रेकीची (रॅलीआधी स्टेज बघून नोट्स घ्यायची) गाडी, मिस्त्री आणि पोरांचं राहणं-जेवण, पेट्रोल, टायर. त्या आकड्याला दीडने गुणा. आम्ही गुणलं नव्हतं. परत येताना टोलचे पैसे मिस्त्रीने भरले.

जुनं सामान स्वस्तात मिळालं म्हणून खूश होणं

हार्नेसवर मुदतीचं लेबल शिवलेलं असतं. ते वर्ष उलटलं की पट्टा दिसायला कोरा असला तरी स्क्रूटिनीत बाद. सीटचंही तसंच: एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संघटनेच्या ८८५५-१९९९ मानकाची सीट बनल्यापासून ५ वर्षं चालते, ८८६२-२००९ ची १०. विकणारा लेबलाचा फोटो पाठवायला टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

बाकी गोष्टी किरकोळ वाटतात आणि त्याच माणसाला रात्री जागवतात. बॅटरी घट्ट बांधलेली आहे का, तिचं पॉझिटिव्ह टोक झाकलंय का, डोक्याजवळच्या केजवर पॅडिंग आहे का, अग्निशामकाची तपासणी झालीय का, पट्टे कापायचे कटर बसल्या जागी दोघांच्याही हाताला येतात का. घरून निघण्याआधी, पट्टे आवळून, कटरकडे हात नेऊन बघा.

मित्र आहे म्हणून नॅव्हिगेटर करणं

जिवलग मित्र, रोजचा चहा सोबत, म्हणून त्याला शेजारी बसवलं. त्याला ताम्हिणी घाटात मोबाईल बघितला तरी मळमळायचं, हे आम्हाला रेकीत कळलं. आधी एखाद्या घाटात त्याला अर्धा तास वही मोठ्याने वाचायला लावा. वाचता आलं, डोकं जागेवर राहिलं आणि वेळेची बेरीज चुकली नाही, तर तो तुमचा माणूस. टीएसडी रॅलीत (ठरलेला वेग आणि वेळ पाळायच्या रॅलीत) तयार झालेला नॅव्हिगेटर घड्याळात पक्का असतो, ही जमेची बाजू. पण पेस नोट्स (पुढच्या वळणांच्या लिहिलेल्या खुणा) वाचण्याची लय त्याला नव्याने शिकावी लागते. वळण आलं तेव्हा सांगून उपयोग नाही, त्याच्या आधी सांगावं लागतं.

नोट्सच्या भाषेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यावर कुणी बोलत नाही. मराठीत नोट्स वाचायची हौस आम्हालाही होती. इंटरकॉममध्ये, खडी खाली ताडताड वाजत असताना, ‘डावा’ आणि ‘उजवा’ यांचा शेवटचा ‘वा’ तेवढा ऐकू येतो. ‘सात’ आणि ‘साठ’ यांत तर काही फरकच उरत नाही. एक वळणाचा आकडा (वळण किती तीव्र ते सांगणारा), दुसरं अंतर. एकदा ‘साठ’ हे अंतर मी ‘सात’ हे वळण समजलो आणि उसाच्या फडात गेलो. तेव्हापासून दिशा ‘लेफ्ट-राइट’, वळणाचे आकडे इंग्रजीत, आणि सूचना मराठीत: ‘खड्डा आत’, ‘दगड बाहेर’, ‘कापू नको’. ‘कापू नको’ ऐकलं की पाय आपोआप उचलला जातो. आईच्या आवाजाचा परिणाम असावा.

नोट्सच्या बाकीच्या चुका ठरलेल्या. रेकीत साधारणपणे प्रत्येक स्टेजच्या दोनच फेऱ्या मिळतात. पहिल्या फेरीत ड्रायव्हरने सांगायचं, नॅव्हिगेटरने लिहायचं. दुसऱ्या फेरीत नॅव्हिगेटरने वाचायचं आणि चुकलेलं तेवढंच दुरुस्त करायचं. नवखे दुसऱ्या फेरीत सगळं पुन्हा लिहायला घेतात आणि खाडाखोडीची वही घेऊन स्टेजला उभे राहतात. शिवाय रेकी सावकाश चालते. चाळिसाच्या वेगाने सोपं वाटलेलं वळण नव्वदला अंगावर येतं, म्हणून नोट्सची पद्धत घरच्या ओळखीच्या रस्त्यावर आधी बसवून घ्या. चढाच्या टोकापलीकडे रस्ता कुठे वळतो ते न चुकता लिहा. नुसतं ‘चढ’ लिहिलं की वर पोचल्यावर समोर आभाळ दिसतं, दुसरं काही नाही. आणि रेकीच्या वेळेबाहेर ‘जरा एक चक्कर’ म्हणून स्टेजच्या रस्त्यावर जाऊ नका. पकडले गेलात तर कारवाई होते.

लवकर पोचलो म्हणून आनंद मानणं

टाइम कंट्रोलचं गणित इतकं सोपं आहे की त्यातच माणसं मरतात. समजा मागच्या कंट्रोलवरून १०:१२ ला निघालात आणि पुढच्यासाठी ४५ मिनिटं दिलीत. तुमची वेळ १०:५७. वेळा नोंदवायचं कार्ड १०:५७:०० ते १०:५७:५९ या साठ सेकंदांत अधिकाऱ्याच्या हातात पडलं पाहिजे. गाडी त्याआधीच्या मिनिटाला, म्हणजे १०:५६ पासून, कंट्रोलच्या झोनमध्ये आणता येते. त्याआधी झोनची सुरुवात दाखवणाऱ्या पिवळ्या पाटीच्या अलीकडे थांबायचं.

आता दंड बघा. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला १० सेकंद, लवकर आल्याच्या प्रत्येक मिनिटाला पूर्ण १ मिनिट. लवकर येणं सहापट महाग. आणि नवखा लवकरच येतो, कारण स्टेजचं रक्त डोक्यातून उतरलेलं नसतं. दंडाचे आकडे तुमच्या रॅलीच्या पूरक नियमांत पुन्हा तपासा, आणि नॅव्हिगेटरचं घड्याळ रॅलीच्या अधिकृत घड्याळाशी सकाळीच जुळवा. मोबाईलवर भरवसा ठेवू नका.

अधिकाऱ्याने कार्डावर लिहिलेली वेळ तिथेच, गाडी हलवण्याआधी वाचा. तोही माणूस आहे, उन्हात बसलेला आहे. चूक दिसली तर शांतपणे तिथेच दुरुस्त करून घ्या. संध्याकाळी हॉटेलात बसून दाखवलेल्या कार्डाला कुणी विचारत नाही. दंड किती मोलाचा असतो याला एक जुना दाखला आहे: १९७३ च्या सफारी रॅलीत भारतीय वंशाचा शेखर मेहता आणि स्वीडनचा हॅरी शेलस्ट्रॉम, दोघेही डॅटसनवाले, शेवटी अगदी समान दंडगुणांवर आले. टायब्रेक लावून मेहता जिंकला. पुढे सफारी त्याने आणखी चार वेळा जिंकली.

पहिल्या स्टेजला सगळं दाखवून देणं

पहिल्या दोन किलोमीटरला ब्रेक थंड, डोकं गरम. तिथे गेलेली गाडी टोइंगच्या दोरीला बांधून परत आणावी लागते. धुरळ्यात पुढच्या गाडीचे दिवे दिसायला लागले तर अंदाजाने घुसू नका. नोट्सवर विश्वास असेल तेवढाच वेग ठेवा.

चालू स्टेजमध्ये किंवा दोन स्टेजच्या मधल्या प्रवासात काही बिघडलं, तर आमच्या अनुभवातले उपाय असे:

पंक्चर झालं आणि स्टेजचा शेवट तीन-चार किलोमीटरवर असेल, तर सावकाश रेटा. त्याहून जास्त असेल तर रस्त्याच्या कडेला सपाट जागा बघून चाक बदला. पट्टे सोडून, चाक बदलून, पुन्हा पट्टे आवळेपर्यंत किती वेळ जातो हे घरी घड्याळ लावून मोजलेलं असेल तरच हा निर्णय नीट घेता येतो.

ब्रेकचं पेडल मऊ लागलं तर फ्लुइड उकळलंय. दोन-तीनदा पेडल मारून दाब आणा, वेग कमी करा, सर्व्हिसला ब्लीड करून घ्या. फ्लुइड हवेतली ओल शोषतं, म्हणून रॅलीआधी नवीन भरा. स्टेज संपल्यावर तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढू नका, मागचे ब्रेक चिकटतात. चाकाला दगड लावा.

तापमानाचा काटा चढला तर आधी रेडिएटरच्या जाळीत चिखल भरलाय का आणि पंखा फिरतोय का ते बघा. तोवर हीटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात ही शिक्षा वाटते, पण इंजिन वाचतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, मिस्त्री म्हणाला तरी नाही.

स्टिअरिंग सरळ धरून गाडी वाकडी चालत असेल तर टाय रॉड वाकलाय. सर्व्हिसला दोरी लावून चाकं जुळवता येतात. इंटरकॉम गेला तर? हाताच्या खुणा आधी ठरवलेल्या हव्यात, आणि एक जास्तीची बॅटरी.

सर्व्हिसला मोजकी मिनिटं मिळतात, त्यामुळे कामांची यादी आधी फोनवरून कळवा, महत्त्वाचं पहिलं. चार जण चार मतं घेऊन एकाच चाकाभोवती उभे राहतात हा नेहमीचा देखावा.

ओके बोर्ड सीटखाली ठेवणं

गाडी स्टेजवर थांबली की त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर ठेवा आणि मागून येणाऱ्या गाड्यांना ओके बोर्ड (आम्ही ठीक आहोत, मदत नको, असं सांगणारा) दाखवा. कुणी जखमी असेल तर एसओएस, म्हणजे मदत मागणारा बोर्ड. बोर्ड दिसला नाही तर मागचा थांबतो, त्याची स्टेज जाते, आणि तुम्ही जवळच्या दगडावर बसून फोटो काढत असता. दुसऱ्याचा एसओएस दिसला तर थांबायचंच. आणि बंद रस्ता खरोखर बंद आहे असं कधी गृहीत धरू नका. २०१९ साली जोधपूरच्या राष्ट्रीय रॅलीत स्टेजवर आलेल्या मोटारसायकलला स्पर्धेची गाडी धडकली आणि तीन जणांचा जीव गेला. रेकीत वस्त्या, पाणवठे, शेताच्या वाटा दिसतील, त्याही नोट्समध्ये घ्या.

शेवटी गाडी पार्क फर्मेत (निकाल पक्का होईपर्यंत गाड्या ठेवायच्या बंदिस्त जागेत) लागली की तिला हात लावायचा नाही. बॉनेट उघडणंसुद्धा नियमभंग ठरतो. तात्पुरता निकाल फलकावर लागल्यापासून साधारण ३० मिनिटं हरकत घेता येते. आम्ही तेव्हा ट्रेलर जोडून चहाला गेलो होतो. परत आलो तर आमच्या नावापुढे एक मिनिटाचा दंड होता, कार्ड नॅव्हिगेटरच्या बॅगेत होतं आणि बॅग गाडीत.