लिस्बन ते पॅरिस: अंतर आणि विमानाचा वेळ कसा काढावा

‘अंतराला ताशी ९०० ने भागा, वेळ मिळेल.’ हा सल्ला कुणी दिला की मी विषय बदलतो.

आधी अंतर. लिस्बन ते पॅरिस हवाई अंतर साधारण १,४५० किलोमीटर. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये रस्त्याचं अंतर १,७०० च्या वर दिसेल. ते इथे कामाचं नाही.

मग विमानतळ. ऑर्ली पॅरिसच्या दक्षिणेला, शार्ल द गोल ईशान्येला पंचवीसेक किलोमीटरवर. बोव्हे मात्र ‘पॅरिस’ म्हणून विकलं जातं आणि शहरापासून तब्बल ८५ किलोमीटर लांब आहे. तिकीट स्वस्त दिसलं की आधी हे नाव आहे का ते बघा.

आता वेळ. माझी फजिती इथेच झाली. तिकिटावर सुटण्याची वेळ जिथून निघतो त्या शहराची असते आणि पोचण्याची जिथे उतरतो त्या शहराची. पॅरिस लिस्बनच्या एक तास पुढे. लिस्बनहून १०:०५ ला निघून १३:३५ ला पॅरिस, म्हणजे साडेतीन तास? नाही, अडीच. परतीचं विमान समजा १८:०० ला सुटून १९:३५ ला पोचतं. दिसायला एक तास पस्तीस मिनिटं, आणि १,४५० भागिले ९०० करून उत्तरही जवळपास तेवढंच येतं! त्यामुळे चुकीचं गणित बरोबर वाटतं. खरा वेळ दोन तास पस्तीस. ‘एक तास वजा करा’ एवढंच पाठ केलेले लोक इथे पस्तीस मिनिटांत लिस्बन गाठतात.

म्हणून मी दोन्ही वेळा आधी ग्रीनिचच्या वेळेत आणतो. उन्हाळ्यात लिस्बनमधून एक तास वजा, पॅरिसमधून दोन. हिवाळ्यात लिस्बन तसंच, पॅरिसमधून एक. मगच वजाबाकी. कंटाळवाणं आहे, पण पहिल्या खेपेला मनगटावरचं घड्याळ लिस्बनच्या वेळेवर ठेवून मी पॅरिसमध्ये निवांत कॉफी पीत बसलो होतो आणि पुढची रेल्वे केव्हाच गेली होती. (१९९२ ते १९९६ पोर्तुगालनंही पॅरिसचीच वेळ लावली होती. तेव्हा गेलो असतो तर वाचलो असतो.)

या अडीच तासांत विमान धावपट्टीपर्यंत रांगतं तो वेळही धरलेला असतो. प्रत्यक्ष हवेत दोन तासांच्या आसपास. वर वारे बहुतेकदा पश्चिमेकडून वाहतात, म्हणून लिस्बनकडे येताना थोडी मिनिटं जास्त लागतात.

युरोपीय संघातली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकदमच बदलतात, तेव्हा या दोन शहरांतला फरक वर्षभर एकच तास राहतो. पॅरिसहून इस्तंबूलला जाणार असाल तर हे विसरा: तुर्कस्ताननं २०१६ पासून घड्याळ बदलणं सोडलंय. उन्हाळ्यात फरक एक तास, हिवाळ्यात दोन.