चंद्रावरील कायम तळाची प्रतिकृती विज्ञान प्रदर्शनात कशी मांडावी

खानदेशातील शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत चंद्रावरील वसाहत मांडायची झाली, की थर्माकोलच्या पृष्ठभागावर पारदर्शक प्लास्टिकचे घुमट उभे राहतात आणि त्यांच्या आत हिरवी झाडे दिसतात. हे दृश्य मोहक असले तरी अशा घुमटात माणूस फार दिवस टिकणार नाही, कारण चंद्राला वातावरण नसल्यामुळे वैश्विक किरणे, सूक्ष्म उल्का आणि टोकाचे तापमान यांना अडवणारे तेथे काहीच नाही. ते काम तेथील मातीकडूनच करून घ्यावे लागेल. म्हणून प्रतिकृतीची कल्पना धाब्याच्या घरापासून, म्हणजे सपाट छपरावर मातीचा जाड थर असलेल्या घरापासून, सुरू करावी.

आधी जागा निश्चित करावी. अमेरिकेच्या पुढाकाराने चाललेला आर्टेमिस कार्यक्रम आणि चीन व रशिया यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेले चांद्र संशोधन केंद्र, या दोन्ही योजनांचा रोख दक्षिण ध्रुवाच्या परिसराकडे आहे. विषुववृत्ताजवळ सुमारे चौदा दिवसांचा दिवस आणि तेवढीच लांब रात्र असते. दिवसा तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, तर रात्री ते उणे १३० अंशांपर्यंत उतरते. ध्रुवाजवळ मात्र सूर्य क्षितिजालगत फिरत राहतो. त्यामुळे काही उंच कडांना वर्षाचा बराच काळ ऊन मिळते, आणि खोल विवरांच्या तळाशी, जेथे ऊन कधीच पोहोचत नाही, उणे २०० अंशांच्याही खालच्या थंडीत पाणी गोठून राहिलेले आहे. तेथील शॅकल्टन विवर सुमारे २१ किलोमीटर रुंद आहे. शंभरास एक हे प्रमाण घेतले, तर त्याची प्रतिकृती २१० मीटरची होईल आणि शाळेचे मैदानही अपुरे पडेल; तेव्हा एक मीटरच्या प्लायवूडवर विवराच्या काठाचा केवळ शंभर मीटरचा तुकडा दाखवावा.

खोलीत अंधार करून फळीच्या पातळीलाच एक दिवा धरावा आणि तो फळीभोवती सावकाश फिरवावा. एक फेरी म्हणजे साधारण साडेएकोणतीस दिवस. कोणता उंचवटा सर्वाधिक वेळ उजळलेला राहतो, हे मुलांनी स्वतः पाहून तेथेच खूण करावी आणि सौर पॅनेल त्या जागी उभी रोवावीत. जळगावात मेच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, त्यामुळे उभे पॅनेल मुलांना सुरुवातीला चुकीचे वाटते. दिवा फिरवल्यावर त्यांची शंका आपोआप फिटते.

आता छप्पर. चांद्रयान-३ च्या तापमापक उपकरणाने २०२३ मध्ये मातीत उतरून केलेल्या मोजणीत पृष्ठभागाशी ५० अंशांहून अधिक, तर अवघ्या आठ सेंटीमीटर खोलीवर उणे १० अंशांच्या आसपास तापमान आढळले. हे प्रदर्शनात दाखवणे अवघड नाही. सारखे दोन पत्र्याचे डबे घ्यावेत, दोन्हींत तापमापक ठेवावा, एक डबा उघड्यावर ठेवावा आणि दुसरा वीस सेंटीमीटर कोरड्या पांढऱ्या मातीखाली पुरावा. एप्रिलच्या उन्हात सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दर तासाला नोंद करावी. आपल्या मातीच्या कणांमध्ये हवा असते आणि चंद्रावर पोकळी असते, म्हणून तेथील माती आपल्या मातीपेक्षा कितीतरी पटींनी चांगली उष्णतारोधक ठरते, हे तक्त्यावर अवश्य लिहावे.

धाब्याशी असलेले साम्य येथे संपते, आणि पुढचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे मातीचा भार तुळया आणि खांब पेलतात. चंद्रावर खोलीत पृथ्वीइतक्याच दाबाची हवा भरली, तर ती छपराच्या प्रत्येक चौरस मीटरला सुमारे दहा टनांच्या जोराने बाहेर ढकलेल. उलट तीन मीटर जाडीच्या मातीचे वजन, गुरुत्वाकर्षण एक षष्ठांश असल्यामुळे, तेवढ्याच जागेवर एक टनाहूनही कमी भरेल. म्हणजे घर कोसळण्याची नव्हे, फुटण्याची भीती अधिक. यासाठी सायकलची जुनी ट्यूब मातीखाली ठेवून पंपाने हवा भरावी. माती कशी उचलली जाते ते पाहणाऱ्याला लगेच कळते. म्हणून खोल्या चौकोनी न करता नळकांडीसारख्या गोल कराव्यात.

दाराशी दुहेरी दरवाजांची कोठडी असू द्यावी, कारण चंद्रावरची धूळ झिजलेली नसल्याने काचेसारखी टोकदार असते आणि कपड्यांना चिकटून आत येते. पाण्यासाठी वापरलेले पाणी शुद्ध करून परत आणणारी नळी दाखवावी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवणे साध्य झाले आहे.

माहितीफलकावर एक चूक वारंवार दिसते. चांद्रयान-३ ध्रुवावर उतरले असे लिहिले जाते. प्रत्यक्षात ते २३ ऑगस्ट २०२३ रोजी सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून सहाशे किलोमीटरहून दूर उतरले. भारतीय माणूस २०४० पर्यंत चंद्रावर पाठवण्याचे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे, तेही ‘उद्दिष्ट’ म्हणूनच लिहावे. फलकाशेजारी तापमानाच्या नोंदींचा मूळ कागद, खाडाखोडीसह, लावावा.