घरासाठी ऑल-इन-वन प्रिंटर: आधी खंड मोजा, मग शाई ठरवा

छपाई, स्कॅन आणि झेरॉक्स एकाच यंत्रात करणारा ऑल-इन-वन प्रिंटर घरासाठी घेताना बहुतेक जण आधी किंमत पाहतात, मग छपाईचा वेग, मग वाय-फाय. तो प्रिंटर दोन वर्षांनी नीट चालत असेल का, हे यातल्या कशावरूनही कळत नाही. ते दोन गोष्टींवर ठरते: महिन्याला किती पाने निघणार, आणि एकदा छपाई झाली की पुन्हा छापायला किती दिवस जाणार. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, कारण शाईचा प्रिंटर वापरून कमी आणि पडून राहून जास्त बिघडतो.

म्हणून दुकानात जाण्याआधी गेल्या तीन महिन्यांत घरी काय काय छापावे लागले ते एका कागदावर लिहून काढा. काळे-पांढरे किती, रंगीत किती, फोटो होते का, आणि मध्ये सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा पडला. शेजारीच स्कॅनचा हिशेब मांडा: सुटे कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले कागद, पुस्तके, जुने फोटो. पुढची निवड याच यादीवरून करायची आहे.

शाई की टोनर

इंकजेट म्हणजे शाईने छापणारा प्रिंटर. त्याच्या हेडवर, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागावर, केसाहून बारीक छिद्रे असतात. त्यांना नोझल म्हणतात. काम नसताना हेड एका रबरी टोपीवर जाऊन बसते, तरीही शाईतले पाणी हळूहळू उडते, शाई घट्ट होते आणि नोझल बुजते. मग पानावर आडव्या पांढऱ्या रेघा येतात किंवा एखादा रंगच गायब होतो. उपाय म्हणून ‘हेड क्लीनिंग’ चालवले की यंत्र नोझलमधून जोराने शाई ओढते आणि ती आतल्या स्पंजमध्ये सोडते. दीड-दोन महिन्यांनी एकदा प्रिंट काढणाऱ्या घरात कागदापेक्षा या सफाईतच जास्त शाई जाते.

लेझर प्रिंटरमधला टोनर ही कोरडी भुकटी असते. ती ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावरून कागदावर बसते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअस तापलेल्या रोलरखाली वितळून चिकटते. त्यात सुकण्यासारखे काही नाही. सहा महिने बंद ठेवलेला लेझर प्रिंटर सुरू केला तरी पहिले पान स्वच्छ निघते.

तेव्हा खंड नेहमीच दोन-तीन आठवड्यांपेक्षा मोठा पडत असेल आणि काम बहुतांशी काळ्या अक्षरांचे असेल, तर काळा-पांढरा लेझर ऑल-इन-वन घ्या. कधीमधी लागणारे रंगीत पान बाहेरून छापून आणणे त्यातही परवडते. आठवड्याला निदान एकदा तरी काही रंगीत छापले जात असेल, तर इंकजेट घ्या.

लेझरच्या दोन अडचणी आधीच माहीत असाव्यात. रोलर तापताना तो क्षणभर १००० वॉटच्या आसपास वीज ओढू शकतो, त्यामुळे संगणकाच्या लहान यूपीएसवर तो लावू नये. थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडावा. दुसरी अडचण कागदाची. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो कागद लेझरमध्ये घालू नका. त्याचा लेप उष्णतेने वितळून रोलरला चिकटतो आणि ती दुरुस्ती महाग पडते. स्टिकरचे कागदही पाकिटावर ‘लेझरसाठी’ असे लिहिलेलेच वापरावेत. रंगीत लेझर घरात क्वचितच शोभतो: चार टोनर, मोठे वजन, आणि फोटो इंकजेटइतके चांगले येत नाहीत.

कार्ट्रिज की इंक टँक

इंकजेटमध्ये शाई बदलायच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, असते किंवा बाटलीने भरायच्या टाकीत, म्हणजे इंक टँकमध्ये. इंक टँकच्या यंत्राची किंमत जास्त, पण काळ्या शाईची एक बाटली काही हजार पाने देते. साधे लहान कार्ट्रिज शंभर-दोनशे पानांत संपते. नुसता हा आकडा पाहून टँक घेण्याची घाई होते. मात्र टँकच्या प्रिंटरमध्ये हेड सहसा यंत्रातच कायमचे बसवलेले असते. ते पुरते बुजले की नुसती शाई बदलून भागत नाही. काही कार्ट्रिजना मात्र हेड जोडलेलेच येते, म्हणजे कार्ट्रिज नवे तर हेडही नवे. रंगीत छपाई हवी पण ती क्वचितच होते, अशा घरात हे जुन्या पद्धतीचे कार्ट्रिज महाग असूनही शहाणपणाचे ठरते. दर आठवड्याला पाने निघणाऱ्या घरात टँकला तोड नाही.

किती पानांनंतर टँक किंवा लेझर वसूल होतो, हे घरीच काढता येते. कार्ट्रिजच्या किमतीला ते किती पाने देते त्या आकड्याने भागा. हा झाला दर पानाचा खर्च. दोन यंत्रांच्या किमतीतला फरक घ्या, त्याला दर पानाच्या खर्चातल्या फरकाने भागा. येईल तितकी पाने झाल्यावर महाग यंत्र फायद्यात येते. तो आकडा तुमच्या चार-पाच वर्षांच्या पानांपेक्षा मोठा असेल, तर स्वस्त यंत्रच बरे.

या हिशेबात फसायच्या जागा आहेत. कंपन्या पानांची संख्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ठरावीक चाचणी-पानांवरून देतात. इंकजेटसाठी २४७११ आणि काळ्या टोनरसाठी १९७५२ क्रमांकाचे मानक आहे. ही पाने सलग छापली जातात आणि बरीच विरळ असतात. साध्या मजकुरात पानाचा ५ टक्क्यांच्या आसपास भाग शाईने झाकला जातो, तर पूर्ण पानाचा फोटो याच्या कित्येक पट शाई पितो. डब्यासोबत येणारे कार्ट्रिज किंवा टोनर बऱ्याचदा कमी भरलेले असते, म्हणून हिशेब नेहमी विकत मिळणाऱ्या कार्ट्रिजवर करा. टँकमध्ये पहिल्यांदा भरलेली काही शाई नळ्या भरण्यातच जाते. काही लेझर यंत्रांत ड्रम टोनरपासून वेगळा असतो आणि साधारण दहा-बारा हजार पानांनी बदलावा लागतो. त्याची किंमतही धरा.

निळसर, किरमिजी आणि पिवळा हे तिन्ही रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असतील, तर एक संपला की उरलेल्या दोन रंगांसह ते फेकावे लागते. शिवाय रंग संपला की काळे छापायलाही नकार देणारी यंत्रे आहेत. मॉडेलचे माहितीपुस्तक कंपनीच्या संकेतस्थळावर आधीच वाचायला मिळते. त्यात ‘रंगीत शाई संपल्यावर’ काय होते ते शोधा. त्याच पुस्तकात वाया गेलेल्या शाईचा डबा, म्हणजे मेंटेनन्स बॉक्स, वापरणाऱ्याला स्वतः बदलता येतो का हेही पाहा. ज्यात तो बदलता येत नाही, ते यंत्र स्पंज भरल्यावर संदेश दाखवून थांबते आणि सर्व्हिस सेंटरला न्यावे लागते. शाई भरपूर असताना, हेड ठणठणीत असतानाही. टँक घेणाऱ्याने ही एक गोष्ट तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

काळी शाई पिगमेंट आहे की डाय, हेही विचारा. पिगमेंटचे रंगकण कागदावर बसतात, त्यामुळे अक्षरे गडद येतात आणि पाण्याचा थेंब पडला तरी सहसा पसरत नाहीत. डाय शाई कागदात मुरते. ती फोटोत छान दिसते, पण अर्जावर ओला हात लागला की फिसकटते.

मासिक वर्गणीवर शाई देणाऱ्या योजनांचे नियम नीट वाचा. अशा योजनांत बहुधा यंत्र सतत इंटरनेटला जोडलेले हवे असते, आणि वर्गणी थांबवली की आत शाई शिल्लक असूनही ते कार्ट्रिज चालत नाही. पहिल्या जुळणीत पडद्यावर येणारे ‘मान्य आहे’ घाईने दाबू नका.

स्कॅनरकडे कानाडोळा नको

अनेक घरांत छपाईपेक्षा स्कॅनच जास्त होतात, तरी विकत घेताना या भागाबद्दल कोणी विचारत नाही. बहुतेक घरगुती यंत्रांत सीआयएस नावाचा चपटा सेन्सर असतो. तो स्वस्त आणि कमी वीज खाणारा, पण काचेला अगदी चिकटलेलीच वस्तू त्याला स्पष्ट दिसते. जाड पुस्तक उघडून ठेवले की शिवणीजवळचा भाग काचेपासून काही मिलिमीटर वर राहतो, आणि नेमक्या तिथल्या ओळी पुसट व काळपट येतात. सीसीडी या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरला ही अडचण फारशी नसते, पण तो घरगुती ऑल-इन-वनमध्ये आता विरळाच. पुस्तके स्कॅन करायची असतील, तर निदान झाकणाची बिजागरी वर उचलली जाते का ते पाहा, म्हणजे झाकण पुस्तकावर सपाट टेकते.

डब्यावरच्या डीपीआयच्या, म्हणजे एका इंचातल्या ठिपक्यांच्या, मोठमोठ्या आकड्यांना भुलू नका. ‘ऑप्टिकल’ लिहिलेला आकडाच खरा, बाकी सॉफ्टवेअरने मधले ठिपके अंदाजाने भरलेले असतात. कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरतात. ए-४ पानाचे तेवढ्यात २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात आणि अक्षरओळख सॉफ्टवेअरलाही मजकूर नीट वाचता येतो. जुना छापील फोटो मोठा करायचा असेल तर ६०० घ्या: १० गुणिले १५ सेंटिमीटरचा फोटो दुप्पट आकारात पुन्हा स्वच्छ छापता येतो. ६०० वर फाइल चौपट मोठी होते, म्हणून साध्या अर्जासाठी ते वापरू नये. निगेटिव्ह किंवा स्लाइड साध्या ऑल-इन-वनमध्ये स्कॅन होत नाहीत. त्यासाठी झाकणात वेगळा दिवा लागतो.

दहा-वीस पानांचे गठ्ठे वारंवार स्कॅन करायचे असतील, तर वरून कागद ओढून घेणारा एडीएफ हवाच. इथे शब्द नीट वाचा. ‘ऑटो डुप्लेक्स’ म्हणजे बहुधा दोन्ही बाजूंनी छपाई, स्कॅन नव्हे. एडीएफ दोन्ही बाजू वाचतो का, आणि वाचत असेल तर एका फेरीत की कागद उलटा करून पुन्हा ओढतो, हे वेगळे विचारावे लागते. उलटा करणाऱ्या यंत्रात वेळ दुप्पट लागतो आणि कागद अडकण्याची शक्यताही वाढते. काचेवर न मावणारा लीगल आकाराचा कागद मात्र एडीएफमधून सहसा जातो. स्टेपलची पिन काढल्याशिवाय, किंवा फाटका, चुरगळलेला, पातळ पावतीचा कागद त्यात घालू नका.

एडीएफमधून काढलेल्या प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एकच उभी रेघ येते आणि काचेवर ठेवून केलेला स्कॅन स्वच्छ येतो, अशी तक्रार फार सापडते. यंत्र बिघडलेले नसते. मोठ्या काचेच्या शेजारी एक अरुंद काचपट्टी असते, तिच्यावर शाईचा किंवा डिंकाचा ठिपका बसलेला असतो. कागद त्या पट्टीवरून सरकतो, म्हणून एका ठिपक्याची रेघ होते. काच पुसायचे द्रव मऊ कापडावर घ्या, थेट काचेवर फवारू नका, आणि पट्टी पुसा.

कागदाची वाट आणि जोडणी

रोजच्या कागदाला ७५ ते ८० जीएसएम (एका चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) पुरतात. जाड कार्ड छापायचे असेल तर मागून कागद घेणारा ट्रे बरा, कारण समोरच्या खालच्या ट्रेमधून कागद अर्धगोल वळून जातो आणि जाड कागदाला ते वळण झेपत नाही. उलट, समोरचा बंद ट्रे धुळीपासून वाचवतो. मागचा उघडा असेल तर काम झाल्यावर कागद काढून ठेवा.

अनेक प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ हे दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर पहिल्या जोडणीत फोन आणि प्रिंटर कधीकधी एकमेकांना सापडत नाहीत. तेवढ्यापुरते २.४ ला वेगळे नाव द्या. फोनवरून थेट छापण्याची सोय, म्हणजे आयफोनसाठी एअरप्रिंट आणि अँड्रॉइडसाठी मोप्रिया, असल्याची खात्री करा, म्हणजे कंपनीच्या अ‍ॅपशिवायही छपाई होते. यूएसबी केबल डब्यात असेलच असे नाही.

घरी आणल्यावर

परत करण्याची मुदत संपण्याआधी सगळे काम करून पाहा. यंत्र सपाट जागी ठेवा, आतल्या सगळ्या चिकटपट्ट्या काढा. टँक भरताना बाटलीचा रंग आणि टाकीचा रंग दोनदा जुळवा आणि वरच्या खुणेवर थांबा. मग नोझल तपासणीचे पान काढा: एकही रेघ तुटलेली नको. तुटली असेल तर सफाई एकदा चालवून पुन्हा पाहा. दोन-तीनदा करूनही फरक नसेल, तर काही तास थांबून पुन्हा एकदा करा. लागोपाठ दहा वेळा सफाई चालवून फक्त शाई आणि स्पंज संपतात. नंतर एक रंगीत पान, एक दोन्ही बाजूंचे पान, काचेवरून एक झेरॉक्स, एडीएफमधून दहा पानांची एक पीडीएफ, आणि फोनवरून एक प्रिंट.

पुढे इंकजेट नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटण दाबल्यावर हेड टोपीवर जाऊन बसते. वीज मध्येच तोडली तर ते उघडे राहून सुकू शकते. काम नसले तरी आठवड्यातून एकदा चारही रंग असलेले छोटे पान काढा. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका, कारण नळीत हवा शिरली की ती काढायला एका सफाईपेक्षा कितीतरी जास्त शाई लागते.