मामाच्या डब्यातल्या निगेटिव्ह: स्कॅन करायच्या कशा आणि त्याआधी काय

आमच्या मामाला फोटोचा नाद. आठवडाभर दुकान आणि रविवारी आग्फा क्लिक थ्री कॅमेरा गळ्यात अडकवून सांगलीभर फिरायचा, एका रोलात फोटो 12च, त्यामुळे उगाच क्लिक नाही. तो गेल्यावर बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात त्याच्या निगेटिव्ह (ज्यांवरून फोटो छापायचे त्या फिल्म) सापडल्या. तुमच्याकडेही असा डबा असेल तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला म्हणजे फिल्म खराब व्हायला लागलीय, ती बाकीच्यांतून बाजूला काढा आणि आधी तिचंच स्कॅनिंग करा.

निगेटिव्ह कडेनं धरायची. फुंकर मारू नका, थुंकी उडते, दाबून हवा मारायचा रबरी ब्लोअर घ्या. स्कॅनर नसला तरी चालतं, टॅबवर कोरी पांढरी स्क्रीन, तिच्यापासून जरा उंचावर दुधी अॅक्रिलिकचा तुकडा (नाहीतर पिक्सेल दिसतात), त्यावर निगेटिव्ह, खोलीत अंधार, कॅमेरा स्टँडवर आणि नंतर फोटो इन्व्हर्ट, म्हणजे काळ्याचं पांढरं. निगेटिव्हची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा, नाहीतर दुकानाच्या पाट्या उलट्या येतात.

2019च्या पुरात भिजून एकमेकांना चिकटलेले फोटो असतील तर सुके ओढू नका. मी ओढले, आत्याचं अर्धं तोंड दुसऱ्या फोटोच्या पाठीला गेलं. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, आपोआप सुटू द्या, मग चेहरा वर करून वाळवा. फ्रेमच्या काचेला चिकटलाय? सोडा नाद, काचेवरूनच फोटो काढा.

हे सगळं यूट्यूबवर बघूनही जमतं हो. पण फोटोत काय आहे ते सांगणारी माणसं चाललीत, म्हणून पाच-दहा फोटो झाले की लगेच मामीकडे जाऊन बसा. "हे कोण?" विचारलं की "आठवत नाही बाबा" एवढंच येतं. "ह्याच्या शेजारी कुणाचं दुकान होतं?" विचारा. एका फोटोत जमिनीतल्या भोकातून माणसाचं नुसतं डोकं वर, मला वाटलं विहीर. मामी म्हणाली, अरे हरिपूरचं पेव आहे ते, हळद ठेवायचं! मग पेव उघडल्यावर लगेच आत का उतरायचं नसतं इथपासून अर्धा तास.

साल कळत नसेल तर गाड्यांच्या नंबरप्लेट बघा, एमएच 10 (सांगलीचा नंबर) दिसलं तर फोटो 1989च्या आधीचा नाही. फोटोमागं लिहायचं ते मऊ पेन्सिलीनं, बॉलपेन पुढं उमटतो. फाइलला गाव, रोल, फ्रेम (रोलातला कितवा फोटो) असं नाव द्या आणि बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यालाही तेच नाव. मामी चहा ठेवायला उठली म्हणून रेकॉर्डिंग बंद करू नका, नावं तिला स्वयंपाकघरात गेल्यावरच आठवतात.