खोलीची झडती आणि वॉरंट : पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

लातूरहून पुण्यात येऊन मला २१ वर्षे झाली. गावाकडून येणाऱ्या मुलामुलींना मेस, भाडेकरार आणि पीएमपीचा पास यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात; परंतु खोलीची झडती घेण्यासाठी पोलीस दारात उभे राहिले तर काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. ‘वॉरंट दाखवा’ एवढेच बहुतेकांना ठाऊक असते आणि ते अपुरे पडते, कारण काही परिस्थितींत वॉरंटशिवाय झडती घेण्याचा अधिकार कायद्यानेच पोलिसांना दिलेला आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ मध्ये हा अधिकार आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १६५ मध्ये होता. तपासाला आवश्यक असलेली वस्तू आपल्या ठाण्याच्या हद्दीतील अमुक जागी सापडेल असे मानण्यास वाजवी कारण असेल, आणि अन्य मार्गाने ती मिळवण्यात अवाजवी विलंब होईल असे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे किंवा तपास अधिकाऱ्याचे मत असेल, तर तो झडती घेऊ शकतो. मात्र त्याआधी त्याने ही कारणे आणि शोधायची वस्तू लेखी नोंदवली पाहिजे. कोणताही तपास चालू नसताना ‘बाहेरगावची पोरे राहतात, जरा बघू’ एवढ्यावर हे कलम लागू होत नाही. हिंजवडी आणि वाकड २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहेत, म्हणून आपली खोली कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते हे राहायला येताच माहीत करून घ्यावे. याखेरीज, अटक करायची व्यक्ती घरात शिरली असल्यास कलम ४४ प्रमाणे पोलिसांना आत येऊ द्यावे लागते. अमली पदार्थांच्या कायद्याचे नियम वेगळे आहेत : तेथे अधिकृत अधिकारी सूर्योदय ते सूर्यास्त वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो आणि रात्रीसाठी त्याला वेगळी कारणे नोंदवावी लागतात.

सदाशिव पेठेतील वाड्यात आम्ही चौघे राहत असताना, एका सोबत्याच्या चौकशीसाठी पोलीस आले आणि घरमालकांनी कुलूप उघडून दिले. आम्ही अभ्यासिकेतून परतलो तेव्हा ट्रंका उघड्या होत्या, आणि काय नेले याचा एकही कागद आमच्या हाती नव्हता. तो कागद मागण्याचा हक्क आपल्याला आहे, हे मला पुढे कित्येक वर्षांनी समजले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ प्रमाणे, जागेत राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कोणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे लागते, परिसरातील दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच बोलवावे लागतात आणि जप्त वस्तूंच्या, पंचांनी सही केलेल्या यादीची प्रत त्याला द्यावी लागते. स्त्रीची अंगझडती फक्त स्त्रीच, सभ्यता राखून घेऊ शकते. आता कलम १०५ मुळे झडतीपासून यादीवरील सह्यांपर्यंत सर्व प्रक्रियेचे दृक्‌श्राव्य चित्रण करणेही आवश्यक आहे.

म्हणून दार अडवू नये आणि धक्काबुक्की तर मुळीच करू नये. सरकारी कामात अडथळा आणणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय, झडतीत त्रुटी राहिली म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या पूरणमल प्रकरणात स्पष्ट केले आहे. शांतपणे अधिकाऱ्याचे नाव, ठाणे आणि गुन्हा क्रमांक विचारून लिहून घ्यावा, चित्रण चालू आहे का ते पाहावे आणि पूर्ण वाचल्याशिवाय पंचनाम्यावर सही करू नये. कलम १८५ खालील नोंदीच्या प्रती ४८ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाव्या लागतात. जागेचा मालक किंवा तेथे राहणारा यांनी अर्ज केल्यास या नोंदींची प्रत विनामूल्य मिळते. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.