रोटरी टूलने घरीच कोरा कूलरच्या गजराचा बोर्ड

मे महिन्यात कूलरच्या टाकीत पाइप सोडायचा, तेवढ्यात कुणाचा फोन यायचा आणि मग खोलीभर पाणी. नागपुरात हे घरोघरी चालतं. टाकी भरली की ओरडणारा गजर एका बीसी ५४७ ट्रान्झिस्टरवर (तीन पायांचा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच) होतो. त्याचा बोर्डही फेरिक क्लोराइडच्या, म्हणजे तांबं विरघळवणाऱ्या रसायनाच्या, भानगडीत न पडता रोटरी टूलने, म्हणजे हातात धरायच्या वेगाने फिरणाऱ्या छोट्या यंत्राने, कोरता येतो.

बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) कॉपर क्लॅड, म्हणजे तांब्याचा थर चढवलेल्या, बोर्डाचा तुकडा, ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी, तिची क्लिप आणि सप्लाय देताच वाजणारा छोटा बझर आणा. बोर्ड तपकिरी, कागदी घ्या. ग्लास फायबरचा जास्त टिकतो खरा, पण त्याची धूळ फुप्फुसांना वाईट. मास्क आणि गॉगल दोन्हीकडे हवेतच. पंखाही बंद ठेवा, घाम आला तरी.

तांबं बारीक पॉलिश पेपरने घासा आणि मार्करने पाच चौकोन आखा: प्लस आणि मायनस (बॅटरीच्या क्लिपच्या तारांसाठी), कलेक्टर आणि बेस (ट्रान्झिस्टरच्या पायांसाठी) आणि पाण्याची तार. हाताने बारीक ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेषा, कोरायच्या नादी लागू नका. तांबं भरपूर राहू द्या, फक्त चौकोनांमधल्या फटी काढा. पार्ट तांब्याच्याच बाजूला बसवायचे, म्हणजे भोकं नकोत आणि नकाशा उलटा काढायची कटकटही नाही.

बोर्ड क्लॅम्पने पक्का करा. १ मिलिमीटरचा गोल बिट लावा, टूल पूर्ण वेगात आल्यावरच हलकेच टेकवा. बिट एका बाजूला ओढ घेतो. ज्या बाजूला ओढेल तिकडे ॲक्रिलिकची जाड पट्टी आधाराला बांधा. तांब्याचा थर साधारण ०.०३५ मिलिमीटरच असतो, त्यामुळे जोर कशाला? दोन-तीन हलके हात फिरवले की खालचा तपकिरी रंग दिसतो. तिथेच थांबा.

आता मल्टिमीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो तो) ठेवून शेजारशेजारचे चौकोन तपासा. बीप आला तर फटीत तांब्याचा केसाएवढा धागा अडकलेला असतो. कटरच्या टोकाने काढा.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू समोर, पाय खाली धरा: डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर मायनसला, बझर प्लस आणि कलेक्टरच्या मध्ये, रेझिस्टर बेस आणि पाण्याच्या तारेच्या चौकोनामध्ये. दोन तारा टाकीत, पाणी जिथवर भरायचं तिथवरच, सोडा, एक प्लसवरून आणि दुसरी पाचव्या चौकोनातून. सोललेली टोकं एकमेकांना किंवा पत्र्याला लागू देऊ नका.

तारा लावताना आणि पाणी भरताना कूलरचा प्लग काढलेला हवा, आणि गजराला बॅटरीच, अडॅप्टर नाही. वाजला की तारा बाहेर काढून ठेवा. पाण्यात राहिल्या तर बॅटरीही उतरते आणि प्लसच्या तारेचं टोक झिजतं.