बी.एड. कॉलेजला देणगी द्यायची असेल तर

दारव्हा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. ग्रॅच्युइटी हातात पडली, तसे एका बी.एड. कॉलेजला २१,००० रुपये नगद देऊन मोकळा झालो. कशासाठी, हे मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. वर्षभरानं गेलो तर फाटकावर नवी कमान आणि खाली संगमरवरी पाटीत माझं नाव, तेही चुकलेलं. पावती कोऱ्या कागदावर लिहिलेली, आयकराला काडीचाही उपयोग नाही.

दुसऱ्या खेपेला दुसरं कॉलेज निवडलं आणि प्राचार्यांच्या आधी पोरींशी बोललो. तुम्हीही हेच करा. एक जण म्हणाली, "सर, फी तं स्कॉलरशिपमधून निघते, उशिरा का होईना. पण शाळेवर जायच्या दिवसात वेचणीले नाही जाता येत ना."

खरी मेख इथंच आहे. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात एकूण २० आठवडे शाळेत जाऊन शिकवण्याचा 'शालेय अनुभव' घ्यायचा असतो, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. कापूस फुटला की घरची माणसं वावरात, ही मात्र साडी नेसून एसटीच्या वाटेवर. मजुरी बुडते, वरून गाडीभाडं, डबा, तक्त्यांचे कार्डशीट, रंग. २०२३पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून थोडं निभतं. पोरांना तेही नाही. कमानीपेक्षा पैसा इथं लागतो.

हिशेब सोपा आहे. सोळा आठवडे, सहा-सहा दिवस, म्हणजे शंभराच्या आतबाहेर दिवस. रोजचे ७० रुपये धरले तर एकीला ७,०००. बँकेत १,००,००० ठेवले आणि सात टक्के व्याज मिळालं तर दरवर्षी एकीचं भागतं, मुद्दल तसंच राहतं. एवढं एकट्याला जमत नसेल तर जुन्या बॅचच्या पाच-सहा जणांनी मिळून करा. ठेव कायम राहावी असं वाटत असेल तर 'ही रक्कम कायम निधीसाठी, खर्च फक्त व्याजाचा, तोही शालेय अनुभवाच्या काळातल्या प्रवासासाठी' असं पत्रात लिहून द्या आणि त्या पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या प्राचार्याला माहीत नसतं.

कॉलेज बहुधा एखाद्या संस्थेचं असतं, म्हणून चेक कोणाच्या नावानं काढायचा ते विचारा. त्याच नावावर ८०जी म्हणून ओळखली जाणारी, देणगीदाराला आयकरात सवलत देणारी मंजुरी आहे का, तेही बघा. २,००० रुपयांच्या वर नगद दिलं तर सवलत मिळत नाही. चेक किंवा ऑनलाइन द्या, आपला पॅन लिहवून घ्या आणि वर्ष संपल्यावर देणगीचं प्रमाणपत्र मागा, नुसती पावती पुरत नाही. साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, म्हणजे १०,००० दिले तर ५,००० उत्पन्नातून कमी. त्यालाही उत्पन्नानुसार मर्यादा आहे. नव्या करप्रणालीत असाल तर हे सगळं विसरा. मीही तिथंच आहे, तरी देतो.

प्रवेशाच्या दिवसांत, आपल्याच घरचा पोरगा तिथं लागणार असेल तर एक रुपयाही देऊ नका. प्रवेशाच्या बदल्यात पैसे घ्यायला महाराष्ट्रात १९८७च्या कायद्यानं बंदी आहे. देणाऱ्यालाही मग मान वर करून हिशेब विचारता येत नाही.

आणि हिशेब विचारायचाच. पोरींना स्टेजवर बोलावून पाकीट देऊ नका म्हणून मी आधीच बजावलं होतं. पैसे खात्यात जातात, नावं मी मागत नाही. फक्त व्याज किती आलं आणि किती जणींना गेलं, एवढंच पाहतो. दरवर्षी सोयाबीन विकून झालं की चक्कर मारतो. तिथला क्लार्क आता मला फाटकातून येताना पाहिलं की चहा नंतर सांगतो, फाईल आधी काढतो.